वीतभर पुरलेले पडदे

पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून साइटवर उताराच्या पायथ्याशी खुंट्या ठोकून जे काळं कापड ताणतात, त्याला इंजिनियर ‘पडदा’ म्हणायचा. साइटवरचे सगळेच म्हणायचे. अपवाद एक त्याचा मेव्हणा, कारण तो कालच कामाला लागला होता. तोही ताईच्या, म्हणजे इंजिनियरच्या बायकोच्या वशिल्याने.

“दाजी, आभाळ गच्च भरलंय,” मेव्हण्याचा फोन आला. “आणि तपासणीचे साहेब दुपारी येणारेत म्हणे.”

हेड ऑफिसात बसलेला इंजिनियर खुर्चीतून उठलाच. मागच्या पावसात इथलीच माती वाहत जाऊन खालच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं. “पुन्हा गढूळ पाणी कुंपणाबाहेर दिसलं तर काम बंद,” असं साहेबांनी बजावलं होतं. काम बंद म्हणजे इंजिनियरची नोकरीही बंद.

“ताबडतोब पडदे लाव! घरी आहेत. साइटवरून चोरीला जातात म्हणून घरी ठेवलेत. किल्ली शेजारी मिळेल.”

“सगळे आणू?”

“सगळे! आणि खालची कड वीतभर मातीत पूर.”

“मातीत?”

“मातीत नाही तर काय दुधात?”

“एकदा ताईला विचारू का?”

“ताईला काय कळतंय त्यातलं!”

हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

इंजिनियर साइटवर पोचला तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. उताराच्या पायथ्याशी दिवाणखान्यातले पिवळ्या फुलांचे पडदे खुंट्यांना ताठ बांधलेले होते. त्यांच्या पलीकडे बेडरूममधले. बायकोने अख्खा बाजार पालथा घालून, सोफ्याशी रंग जुळवून घेतलेले. काळ्या कापडाच्या गुंडाळ्या घरी पलंगाखाली सुखरूप होत्या. त्याला रडावं की मेव्हण्याला हाणावं ते कळेना, आणि तेवढ्यात छत्री घेऊन साहेब आले. त्यांच्या मागोमाग रिक्षातून बायको उतरली.

“अहो, घरात चोरी झाली! मेल्यांनी पडदे तेवढे...” आणि तिची नजर उताराकडे गेली. तिने भर पावसात छत्री मिटली. इंजिनियरला तिच्या ओरडण्यापेक्षा याचीच भीती जास्त होती.

साहेब मात्र वाकून बघत होते. पडद्यांमागे चिखलाचं तळं साचलं होतं आणि कुंपणाबाहेर जेमतेम झिरपत होतं ते पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं.

“अस्तर आहे का याला?”

“दुहेरी,” बायको तडकून म्हणाली. “मुद्दाम शिवून घेतलंय.”

“निवड कोणाची?”

“माझी!”

“वा! मॅडमना यातलं चांगलंच कळतं.”

मेव्हण्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी चिखलाकडे पाहिलं.

“काम चालू ठेवा,” साहेब म्हणाले. “पण पावसाळा संपेपर्यंत यातला एकही पडदा हलवायचा नाही. हललेला दिसला, तर काम बंद!”

नोकरी वाचली. घर वाचायचं होतं. संध्याकाळी इंजिनियर स्टुलावर चढून दिवाणखान्याच्या खिडक्यांना साइटचं काळं कापड लावत होता. बायको खाली उभी राहून बोटाने ‘अजून वर’ दाखवत होती. खोलीत भर संध्याकाळी मध्यरात्र झाली होती.

कापडाचं दुसरं टोक धरून उभा असलेला मेव्हणा जमिनीकडे बघत म्हणाला, “दाजी, खालची कड इथेही पुरायची का?”