साल जुळत नाही

आमची गाडी चौकात बंद पडली तेव्हा बायको म्हणाली, "एखादा पट्टा तुटला असेल. कुणाला तरी नीट दाखवून घ्या." तेवढं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हालाही आपापली कामं करता आली असती. पण मी म्हणालो, "पट्टा कसला? इंजिन गेलंय. आवाजावरूनच कळतं." (गाडी अगदी मुकाट्याने बंद पडली होती. पण नवऱ्याच्या तोंडून एकदा निदान बाहेर पडलं की ते परत आत घेण्याची सोय नसते.)

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचा राग नीट आवरता येईल. मी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात कारकून आहे. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग माझ्या खिडकीतून जातात. समोर कितीही घामाघूम फिटर उभा असो, मी आधी त्याच्या पंपाचं साल विचारतो. एका सालाचा भाग दुसऱ्या सालाच्या पंपाला मी आजवर दिलेला नाही. "साल जुळत नाही. पुढचा," एवढंच मी म्हणतो आणि नजर खाली वळवतो. फिटर मंडळी मला पाठीमागे 'सालसाहेब' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, पण मी ऐकलं नाही असं दाखवतो.

असा माणूस घरच्या गाडीला भलत्याच सालाचं इंजिन कसा बसवतो, हे तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर सोपं आहे. ऑफिसातली अक्कल मी ऑफिसातच ठेवून येतो.

गाडीची निकड मात्र खरी होती. बायको नर्सिंगच्या शाळेत शिकवते. तिची टेकडीपलीकडच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली होती आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे सकाळी एकही बस वेळेवर जात नाही. शाळेने तिला एक क्वार्टर देऊ केलं होतं. म्हणजे गाडी असेल तर ती रोज घरी येणार, नसेल तर तिकडेच राहणार आणि रविवारी पाहुण्यासारखी येणार. मग घरात उरणार मी आणि माझे सासरे. सासरे बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून माझी तपासणी करत असतात. पण खरी गोष्ट सासऱ्यांची नव्हतीच. बायको घरात नाही ही कल्पनाच मला सोसत नव्हती. हे मी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी सांगितलं, "गाडीचं माझ्यावर सोपव."

तिने माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली आणि पलंगापाशी उघडून ठेवली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेकॅनिक आहे. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तपासतो. त्याने आमची गाडी तशीच तपासली. डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "आतून गेलंय, साहेब."

"मी म्हटलंच होतं," मी म्हणालो. (बंद इंजिनात त्याला नेमकं काय ऐकू आलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.)

"दुरुस्तीत पडू नका. दुसरं बसवू. आपल्याच गाडीचं मिळालं तर दुपारी सुरू करून संध्याकाळी गाडी दारात."

शहराबाहेर मोडक्या गाड्यांचं आवार आहे. तिथल्या मालकाला सगळे दादा म्हणतात. त्याच्याकडे आमच्या गाडीच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, फक्त निळ्या रंगाची गाडी उभी होती. आमची राखाडी. तिचा आधीचा मालक गाव सोडून गेला म्हणून ती इथे आली होती, नाहीतर धडधाकट होती. मला तिथल्या तिथे जिंकल्यासारखं वाटलं.

"साल वेगळं आहे हां, साहेब," दादा म्हणाला. "ही नंतरची आहे. तुमची आधीची."

"एवढ्यातेवढ्याने काय होतंय?" मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या खिडकीत कुणी उच्चारलं असतं तर मी त्याला साहेबांपुढे उभं केलं असतं. दादाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "जुनं इंजिन माझ्याकडे पाठवा. बदल्यात घेतो."

इंजिन आलं. डॉक्टरने आमचं काढून दादाकडे पाठवलं आणि नवं साखळीने उचलून आत सोडलं. ते थोडं आत गेलं आणि तिरपं होऊन थांबलं.

"पाय जुळत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "खालची चौकट त्या गाडीची आणू. किरकोळ काम आहे."

मी चौकट आणली आणि आमची दादाला दिली. घरी आलो तर बायकोने विचारलं, "झाली?"

"झालीच. फक्त चौकट बदलली."

तिने बॅगेत दोन साड्या ठेवल्या.

चौकट बसली, इंजिन बसलं, तेव्हा वायरी निघाल्या. आमच्या वायरींची टोकं चपटी, त्या इंजिनाची गोल. डॉक्टर दोन्ही टोकं समोरासमोर धरून बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, "वायरिंगचा गुच्छा त्याच गाडीचा आणू." तो आणला. त्या गुच्छ्याला लागला एक काळा डबा. डब्याशिवाय हे इंजिन म्हणे विचारच करत नाही. डबा आणला तर त्याला त्याचाच डॅशबोर्ड हवा. डॅशबोर्ड आणला तर त्याला त्याचीच किल्ली हवी, दुसरी किल्ली तो ओळखत नाही. किल्ली आणली तर ॲक्सिलरेटर आमचा तारेचा आणि इंजिन म्हणतं मला विजेचा पाहिजे. (माझ्या ऑफिसात नवे साहेब येतात तेव्हा असंच होतं. आधी त्यांची खुर्ची येते, मग शिपाई, मग पडदे.)

प्रत्येक खेपेला आमचा जुना भाग मी दादाच्या आवारात नेऊन देत होतो. दादा हल्ली माझं स्वागत हसून करत होता. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे.

घरी रोज तोच प्रश्न.

"झाली?"

"झालीच. फक्त डॅशबोर्ड."

बॅगेत टॉवेल आणि चादर गेली.

"झाली?"

"झालीच गं. फक्त गिअरबॉक्स."

"गिअरबॉक्स पण?" सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले. "जावईबापू, इंजिन नक्की कुठल्या गाडीत बसवताय? आपल्या, की त्यांच्या?"

"बाबा, ते तांत्रिक आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं, की आपल्या गाडीतलं आता राहिलंय काय?"

"सीटा आहेत," मी म्हणालो. "दारं आहेत. पत्रा सगळा आपलाच आहे."

बायकोने कपाटातून तिची उशी काढली आणि बॅगेत दाबून बसवली. साड्या, टॉवेल हे मी समजू शकत होतो. पण उशी? ज्या बाईने उशी भरली तिने गाडीवरचा भरवसा सोडला, हे मलाही कळलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "रविवारी चाचणी आहे."

रविवारी गाडी खरंच सुरू झाली. डॉक्टरने हात जोडले. मीही जोडले, पण माझ्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता. दार उघडायला जुनी किल्ली, सुरू करायला नवी. सासरे पुढे माझ्या शेजारी बसले. बायको फाटकापाशी उभी राहून बघत होती.

"दार लावा, बाबा."

"लावलंय."

"गाडी म्हणतेय उघडं आहे."

गाडी खरोखरच तसं म्हणत होती. डॅशबोर्डवर लाल दिवा आणि एकसारखी टूं टूं. सासऱ्यांनी दार पुन्हा आपटलं, मी माझं आपटलं, डॉक्टरने मागची दोन्ही आपटली. तरी टूं टूं.

"आपल्या दारांची तिला ओळख नाही अजून," डॉक्टर खिडकीतून म्हणाला. "पुढच्या सालात दाराची वायर वेगळी. तिच्याकडे लक्ष देऊ नका."

आम्ही निघालो. कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला म्हणून मी हॉर्न दाबला. पुढच्या काचेवर वायपर फिरले. सायकलवाल्याला वाटलं मी त्याला टाटा करतोय. त्याने उलट हात केला आणि तसाच आडवा, सावकाश सायकल चालवत राहिला. मी गाडी बाजूला घेतली आणि ती एका भिंतीला नाक लावून उभी राहिली.

"आता रिव्हर्स," सासरे म्हणाले.

मी गिअरचा दांडा मागे ओढला. नव्या सालाचा दांडा लांब आणि आमच्या जुन्या सीटा जाड. दांडा सासऱ्यांच्या मांडीत रुतला.

"अहो, मांडी."

"बाबा, जरा पलीकडे सरका."

"पलीकडे दार आहे."

"मग उतरा. रिव्हर्स टाकतो, मग परत बसा."

सासरे उतरले. मी त्यांची सीट मागे ढकलली, दांडा ओढला, तो सीटच्या कापडात अडकला. मग मीही उतरलो. डॉक्टर धावत आला, सीट खोलून बाहेर काढली, तेव्हा कुठे रिव्हर्स पडला. आम्ही घरी परतलो ते असे: मी गाडी चालवतोय, सासरे मागून चालत येतायत आणि डॉक्टर डोक्यावर सीट घेऊन त्यांच्यामागे. टूं टूं चालूच होती.

बायकोने हे सगळं पाहिलं. ती हसली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, चला, आपल्याला जरा जाऊन यायचंय," आणि वडिलांना घेऊन रिक्षाने कुठेतरी गेली. मला विचारायचा धीर झाला नाही. परत आले आणि दोघंही जेवून झोपले. मी पडल्या पडल्या मनात वाक्य जुळवत होतो: तू जाऊ नकोस, किंवा जा, पण रोज ये, मी काहीतरी करतो. फार अवघड वाक्य होतं ते. त्यापेक्षा गिअरबॉक्स सोपा.

सोमवारी सकाळी उठलो तर पलंगापाशी बॅग नव्हती. मी तसाच अनवाणी बाहेर धावलो. म्हटलं, ते वाक्य निदान बसस्टॉपवर तरी बोलू.

फाटकाबाहेर दादाच्या आवारातली निळी गाडी उभी होती. स्टीअरिंगवर बायको, शेजारी सासरे. गाडी सुरू होती आणि आतून टूं टूं येत नव्हती.

"ही कुठून आली?" मी म्हणालो.

"दादांकडून. परवा मी त्यांना सांगायला गेले होते, की ह्यांना आता कृपा करून काही देऊ नका. तर ते म्हणाले, ताई, तुमची गाडी तयार आहे, बघता का? आणि काल बाबांनी चालवून बघितली."

"आपली गाडी? आपली तर राखाडी—"

"इंजिन आपलंच आहे. पट्टा तुटला होता. त्यांनी नवा टाकला."

"पट्टा," सासरे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण फार सावकाश म्हणाले.

"बाकीचं तुम्हीच रोज नेऊन देत होतात," बायको म्हणाली. "चौकट, वायरिंग, ॲक्सिलरेटर, डॅशबोर्ड, गिअरबॉक्स. सगळं एकाच सालाचं. पटापट बसलं म्हणे. माझ्या पर्समधली जुनी किल्लीच चालली."

मी निळ्या पत्र्यावर हात ठेवला. इंजिनाचा आवाज ओळखीचा होता. मला एकाच वेळी रडूही आलं आणि तिच्यावर, दादावर, डॉक्टरवर, सगळ्यांवर राग आला. शेवटी मी विचारलं, "आणि बॅग?"

"माळ्यावर टाकली. उशी आतच राहिलीय, तेवढी काढून ठेवा." तिने गिअर टाकला. तो कुणाच्याही मांडीत गेला नाही. "बाबांना नाक्यावर सोडते. संध्याकाळी येते मी."

संध्याकाळी ती आली. रोज येते. उशी जागच्या जागी आहे, आणि ते अवघड वाक्य मला अजून कुणी विचारलेलं नाही.

राहता राहिली राखाडी. दारात ती नुसती टूं टूं करत उभी राहू लागली तेव्हा शेजारी कुरकुरायला लागले. मी ठरवलं, दादाकडेच देऊन टाकावी. सुट्टीच्या दिवशी हॉर्नच्या जागी वायपर फिरवत, एकही रिव्हर्स न टाकता, लांबच्या रस्त्याने ती आवारात नेली. दादा बाहेर आला. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं, मग डॅशबोर्डकडे पाहिलं, मग दारांकडे.

"इंजिन कुठल्या सालाचं, साहेब?"

मी सांगितलं.

"आणि पत्रा?"

तेही सांगितलं. माझ्यामागे मोडका पंखा घेऊन कुणीतरी उभा होता. आमच्याच खात्यातला फिटर होता तो. माझ्याकडे बघून आदबीने हसला.

दादाने बॉनेट हळूच खाली टाकलं.

"साल जुळत नाही," तो म्हणाला, आणि नजर वळवली. "पुढचा."