बिटाची बरणी उघडू नका

घरातल्या सगळ्यांची पोटं सुधारायची, असं बायकोने ठरवलं तेव्हा त्या पोटांच्या मालकांना तिने विचारलं नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात फोन घेते आणि आलेल्यांना नंबर देते. दिवसभर लोकांची दुखणी वहीत उतरवून घरी यावं, तर घरी नवऱ्याचं पित्त आणि सासऱ्यांचा कोठा तिची वाट बघत बसलेले. एका संध्याकाळी तिने पर्स ठेवता ठेवता जाहीर केलं, "आपल्या आज्या-पणज्या कुठे गोळ्या खायच्या? भाज्या मिठाच्या पाण्यात घालून आंबवायच्या, रोज दोन घास खायच्या, आणि नव्वदीपर्यंत ताठ चालायच्या."

"माझी आजी पन्नाशीत गेली," नवरा म्हणाला.

"तिने खाल्लं नसेल," बायको म्हणाली. चर्चा संपली.

आठवड्याभरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर सात काचेच्या बरण्या आल्या. तीन कोबीच्या, दोन गाजराच्या, एक काकडीची आणि एक बिटाची. चहाचं आधण ठेवायचं तर आधी कोबीला सरकवावं लागे.

नवऱ्याला कारखान्यात सगळे झाकणराव म्हणत. खोकल्याच्या औषधाचा कारखाना होता आणि सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांची झाकणं नीट बसली आहेत की नाहीत, हे बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बावीस वर्षं हेच काम. सैल झाकण दिसलं की त्यांचा हात त्यांना न विचारता पुढे जाई. लग्नकार्यात पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या घट्ट करत फिरणारा गृहस्थ म्हणून नातेवाईकांत ते प्रसिद्ध होते.

आता, आंबवलेल्या भाजीत वायू तयार होतो. तो बाहेर पडावा म्हणून झाकण रोज थोडं सैल करावं लागतं. बायको संध्याकाळी दवाखान्यातून आली की सातही झाकणं सैल करी. झाकणराव पहाटे कारखान्याला निघताना सातही झाकणं पिळून बंद करत. महिनाभर हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. तिला वाटे, सासरे, म्हणजे नाना, घट्ट करतात. यांना वाटे, नाना सैल करतात.

"नाना, बरण्यांना हात लावू नका हो," ती सकाळी सांगे.

"नाना, बरण्यांशी कशाला खेळता?" हे संध्याकाळी म्हणत.

नाना दोन्ही वेळा "बरं" म्हणत. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पण विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनी सून घरात आल्यापासून पाळला होता आणि त्यांना तो मानवला होता. शिवाय कोबीही मानवला होता. हल्ली सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखं समाधान असे.

अशात घरमालकीणबाईंचा निरोप आला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि निरोपही सूचनाफलकावर लावल्यासारखाच होता. करार या महिन्यात संपतो. भाच्याला घर हवं आहे. तो रविवारी दहा वाजता बघायला येईल. त्याला आवडलं तर तुम्ही दुसरीकडे बघा.

झाकणरावांनी निरोप दोनदा वाचला. अकरा वर्षांत हे चौथं घर होतं. दर वेळी तीच खोकी, तीच दोरी, तोच कपाटाचा तुटलेला पाय. हे घर तळमजल्यावर होतं. नानांचे गुडघे आता जिना म्हटलं की रडायला लागत. माणूस दमतो तो कामाने नाही, पुन्हा पुन्हा तेच काम करून दमतो, असं त्यांना वाटलं आणि ते न जेवता आडवे झाले.

त्यातच गुरुवारी बायकोला बहिणीकडे जावं लागलं. बहीण जिन्यावरून घसरली होती. "रविवारी सकाळी नऊपर्यंत येते," ती म्हणाली. "घर आवरून ठेवा. बाकी नानांना सांगून ठेवलंय."

बाकी म्हणजे झाकणं. नानांना सांगून ठेवलं होतं की रोज सैल करा. नानांनी गुरुवारी संध्याकाळी प्रयत्न केला. शुक्रवारी केला. पण बावीस वर्षांच्या मनगटाने बसवलेलं झाकण होतं ते, नानांच्या हाताला कुठलं दाद देतंय? आणि मुलगा मात्र रोज पहाटे येऊन, सैल नसलेलं झाकणसुद्धा, सवयीने आणखी थोडं पिळून जाई.

शनिवारी दुपारी बायकोचा फोन आला. "झाकणं सैल होतायत ना?"

"सैल कशाला? मी रोज घट्ट करतोय."

"म्हणजे?" ती म्हणाली. लग्नाला एकवीस वर्षं झाली असल्यामुळे झाकणरावांना तिच्या 'म्हणजे'चे प्रकार कळत होते. हा वाईट प्रकार होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बरण्या आल्या तेव्हापासून. तुझं काम हलकं व्हावं म्हणून."

"अहो, वायू कोंडतो त्यात. झाकणं बघा बरं, फुगलीत का?"

झाकणरावांनी बघितली. सातही झाकणं मधोमध वर आली होती. बिटाचं तर पुरीसारखं टम्म झालं होतं. त्यांनी फडकं घेऊन उघडायचा प्रयत्न केला. दोन्ही हात लावले. गुडघ्यात धरून पाहिलं. बरणी जागची हलली, झाकण नाही. आपण किती चांगलं काम करतो, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि ते कळण्याची ही वेळ नव्हती.

"हात लावू नका आता," बायको म्हणाली. "मी उद्या येऊन बघते."

रविवारी नऊ वाजले, बायको आली नाही. साडेनऊला तिचा फोन आला की गाडी उशिरा सुटली. पावणेदहाला घरमालकीणबाई आल्या, कारण शाळेत त्या पंधरा मिनिटं आधीच यायच्या. मागून भाचा आला. उंच, रुंद, पांढरा शुभ्र शर्ट घातलेला आणि सगळ्यांना मदत करायला उत्सुक. अशा माणसांची झाकणरावांना आधीपासूनच भीती वाटे.

भाच्याला घर आवडू लागलं. खिडकी आवडली, न्हाणीघरातला नळ आवडला, नाना आवडले. प्रत्येक आवडीबरोबर झाकणराव मनात एक खोकं भरत होते. शेवटी तो स्वयंपाकघरात शिरला आणि बरण्यांसमोर थबकला.

"हे आंबवलेलं आहे?" तो हरखून म्हणाला. "मावशी, हे पोटाला अमृत असतं. आमच्या व्यायामशाळेत सगळे हेच बोलतात. कोणी करत नाही."

"मला गुण आला," नाना म्हणाले, कारण आता विचारल्यासारखंच होतं.

"जरा चव बघू का?" भाच्याने बिटाची बरणी उचलली.

"नका उघडू," झाकणराव म्हणाले. "आत दाब आहे. उडेल."

"थोडंसंच घेतो."

"राहू द्या हो. आमची बायको आली की ती उघडेल."

हे दुसरं "नको" मात्र सगळं काळजीपोटी नव्हतं. आपण बसवलेलं झाकण आपल्याला उघडलं नाही, ते हा परका माणूस आपल्या वडिलांसमोर उघडणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. माणूस घर जाण्याच्या बेतात असतानाही मनगटाचा अभिमान सोडत नाही.

भाचा हसला आणि त्याने बाह्या सरसावल्या. "काका, तुम्ही दमलेले दिसता. मी बघतो."

"नको म्हणतोय मी," झाकणराव म्हणाले आणि नानांना हाताला धरून दोन पावलं मागे सरकले.

झाकण फिरलं. मग आवाज झाला तो भाच्याने ऐकला नसावा, कारण तोवर त्याच्या कानात बीट गेलं होतं. लाल पाण्याचा फवारा सरळ छताला लागला, तिथून पसरून सगळ्या स्वयंपाकघरावर पडला. पांढरा शर्ट संपला. घरमालकीणबाई बरोबर मध्ये उभ्या होत्या. त्यांच्या चष्म्यावरून एक बिटाची फोड सावकाश घसरली आणि ओट्यावर पडली.

छतावरून ठिबकत होतं.

त्याच वेळी दारात बायको आली, हातात पिशवी तशीच. तिने छत बघितलं, भाचा बघितला, बाईंकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मावशी, माझीच चूक आहे," ती थकून म्हणाली. "सगळं मीच आणलं घरात. आम्ही घर सोडतो. महिनाअखेरपर्यंत वेळ द्या फक्त."

"चव छान आहे," भाचा ओठ चाटत म्हणाला. "मावशी, मी घर घेतो. आणि काकू, जाताना मला हे शिकवून जा. बाकीच्या पण उघडून बघू का?" आणि त्याने काकडीची बरणी उचलली.

"ठेव ती खाली," घरमालकीणबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्या आवाजावर चाळीस वर्षं अख्खी शाळा ओळीत उभी राहिली होती. भाच्याने बरणी ठेवली.

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला कोरडं काही मिळेना म्हणून तसाच हातात धरला. "हा माणूस तुला तीनदा नको म्हणाला," त्या भाच्याला म्हणाल्या. "मी मोजलं. कारणही सांगितलं. तरी तू उघडलंस. आणि आता दुसरी उचलतोस."

"मावशी, मी फक्त मदत…"

"माझ्या घरात वायरी आहेत, नळ आहेत, गॅस आहे. तुला इथे ठेवलं तर तू दिवाळं काढशील माझं. तू दुसरीकडे बघ." मग त्या झाकणरावांकडे वळल्या. "तुम्ही राहा. छत तेवढं रंगवून घ्या."

नानांनी सुनेला हळूच विचारलं, "म्हणजे बांधाबांध नाही?"

"नाही नाना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

झाकणराव तिथेच, लाल पाण्यात, भिंतीला टेकून खाली बसले. आपल्याला रडू येतंय की हसू, हे त्यांना समजेना. काही का असेना, दोन्हींसाठी डोळे पुसायला उठून फडकं आणावं लागलं असतं, आणि आज ते काही केल्या उठणार नव्हते.