मोबाईल निजवणारे पटले सर

संध्याकाळी साडेसातला पटले सर आमच्या दारापुढे स्कूटर उभी करायचे आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, "आण वो पोरी, तुझं लेकरू आण!"

लेकरू म्हणजे माझा मोबाईल. तो स्कूटरवरच्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून, वर टॉवेल पांघरवून सर म्हणायचे, "निजू दे आता त्याले. तूबी नीज." आमच्या कुडवा गावात नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तर आईला हळूच विचारलं होतं, "उनकी तबीयत ठीक है ना?"

सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आम्हा चौघींना ते धावायला शिकवत. विभागीय स्पर्धा दीड महिन्यावर आली आणि सरांनी कुठूनसं ऐकलं, की संध्याकाळी स्क्रीन पाहिली की खेळाडूची झोप बिघडते. झालं! त्या दिवसापासून रात्री मोबाईल सरांच्या घरी आणि सकाळी सराव सुरू होण्याआधी डोळ्यांची तपासणी. खालची पापणी ओढायची, आत डोकावायचं आणि निकाल द्यायचा.

"हिच्या डोळ्यात रील फिरून रायली! दोन फेऱ्या जास्त!"

असं एकदा आमच्यातल्या सुनीताला म्हणाले. ती बिचारी आईच्या दाढदुखीमुळे जागी होती. तिने ते सांगितलं. सरांनी लगेच चपला काढल्या. "मंग ह्या दोन फेऱ्या माझ्या," म्हणत धापा टाकत धावले आणि दुपारी सुनीताच्या आईला स्कूटरवर बसवून दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

मी मात्र पक्की चोर. बाबांचा बंद पडलेला जुना मोबाईल डब्यात टाकायचा आणि स्वतःचा उशीखाली ठेवायचा, असं चार दिवस चाललं. पाचव्या सकाळी आठशे मीटरला मी सगळ्यांच्या मागे. सर रागावलेच नाहीत.

"तुझा मोबाईल मोठा गुणाचा आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांचे पहाटेपासून अलार्म वाजवून मले झोपू देत नाही. तुझा चार दिवसांत एकदाबी रडला नाही. मले त्याची काळजी वाटून रायली."

मैत्रिणी पोट धरून हसल्या. त्या संध्याकाळी मी खरा मोबाईल निमूट डब्यात ठेवला. दोन रात्री नुसती कूस बदलत होते. तिसऱ्या रात्री नऊलाच अशी ढाराढूर झोपले, की आईने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

स्पर्धेत मी तिसरी आले. परतीच्या बसमध्ये सरांनी डबा उघडला. "घ्या आपापली लेकरं. आठ दिवस सुट्टी. पाहा काय पाहाचं ते!"

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने सरांसाठी लाडू दिले. मी पोचले तेव्हा सर पायात बूट, गळ्यात शिटी, असे ओसरीत बसले होते. समोरच्या स्टुलावर चहाचे पाच कप, प्रत्येकावर बशी झाकलेली.

"सर, सुट्टी होती ना?"

"हाव ना. ध्यानातच नाही रायलं."

मग एक बशी उगाच सरळ करत म्हणाले, "हातालेबी पाच कपांचीच सवय पडली वो."

दीड महिना सरावानंतर मोबाईल न्यायला आम्ही चौघी इथेच यायचो, चहा पीत धिंगाणा घालायचो. आम्हाला वाटायचं, सर आमचा दंगा सहन करतात.

मी मोबाईल काढला आणि सुनीताला फोन करून उठवलं.

"काऊन? सरांनी बोलावलं काय?" ती झोपेतच म्हणाली.

"नाही. चाय थंडी होऊन रायली. त्या दोघींनाबी घेऊन ये."

सर कप उचलून आत गेले, चहा पुन्हा गरम करायला.