साडूचा खटका

लॅम्पशेड शोधायला गेलेल्या माणसाला सायकलचे खटके सापडावेत, हा न्याय ओडिलला मुळीच मान्य नव्हता.

रविवारचं जेवण नेहमीप्रमाणे सासऱ्यांकडे होतं. रश्शाचं पातेलं अजून टेबलावर यायचं होतं, तेवढ्यात धाकटा साडू रेमी, म्हणजे मेहुणी नोएलाचा नवरा, यानं खिशातून एक पुडकं काढून सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. आत गिअरचे दोन खटके होते. हँडलच्या दोन्ही टोकांत बसणारे, चिखलातल्या शर्यतीत जुने लोक वापरायचे तसले. रबरं तडकलेली, ग्रीस वाळून दगड झालेलं, पण जोडी पुरी होती.

"नोएलाला लॅम्पशेड हवी होती म्हणून जुन्या बाजारात गेलो होतो," रेमी म्हणाला. "एका टोपलीत चमच्यांखाली पडले होते. मला वाटलं नळाचं काहीतरी असावं."

नळाचं काहीतरी! ओडिलच्या घशात पावाचा तुकडा अडकला. हे खटके तो किती वर्षं शोधत होता ते त्याची बायको इर्मा सांगू शकली असती, आणि विचारलं नसतं तरी तिनं सांगितलंच असतं. बेल्जियमच्या अख्ख्या फ्लँडर्स भागातला एक जुना बाजार त्यानं सोडला नव्हता. पहाटे विजेरी घेऊन तो दुकानं मांडणाऱ्यांच्या आधी पोचायचा. आणि हा रेमी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला सायकलची चेन कुठल्या बाजूला असते ते बघून सांगावं लागायचं, त्याला ते चमच्यांखाली मिळाले.

सासरे सिरील यांनी मात्र चष्मा पुसला आणि खटका हातात घेतला. ऐन तारुण्यात त्यांनी याच जातीच्या खटक्यांवर चिखल तुडवला होता. त्यांची हिरवी सायकल अजून मागच्या खोलीत आकड्याला टांगलेली असायची. "हात हँडलवरून काढावा लागत नाही," ते हळूच म्हणाले. "चिखलात हात काढला की माणूस गेलाच. शाब्बास रे पोरा."

हे 'शाब्बास' ओडिलला रश्शाबरोबर गिळावं लागलं. त्या हिरव्या सायकलची चेन दरवर्षी तेल घालून पुसायचा तो ओडिल, आणि 'शाब्बास' मात्र रेमीला! त्यातून सिरीलनी इस्टरलाच सांगून ठेवलं होतं की यंदा जत्रेच्या रविवारी, जुन्या सायकलींची फेरी संपली की ती सायकल दोघा जावयांपैकी एकाला द्यायची. आपल्यालाच मिळणार याबद्दल ओडिलला शंका नव्हती. त्यानं भिंतीत आकडासुद्धा ठोकून ठेवला होता. आता त्याला पहिल्यांदाच त्या आकड्याची काळजी वाटली.

"पोटात दुखतंय का?" घरी जाताना इर्मानं विचारलं.

"मला कशाला दुखेल?"

"बटाटे घेतले नाहीस म्हणून म्हटलं."

पुढच्या आठवड्यात रेमीनं खटके खोलले, रॉकेलमध्ये भिजवले, दात घासायच्या ब्रशनं खरवडले, नव्या तारा ओवल्या आणि आपल्या सायकलला बसवले. प्रत्येक पायरीला तो ओडिलकडे सल्ला मागायला यायचा, कारण घरात सायकलमधला जाणकार ओडिलच. हे सगळ्यांना ओडिलनंच सांगितलं होतं.

"ओडिलभाऊ, उजवा खटका हँडलात गरगर फिरतोय हो. आतला स्क्रू आवळतो, तर आणखीच सैल होतो."

ओडिलनं असला खटका उभ्या जन्मात खोलला नव्हता. पण तसं म्हणणार कसं? त्यानं कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाला, "मग कमी आवळतोयस. जोर लाव."

रेमीनं जोर लावला. खटका आणखी फिरायला लागला. ओडिलला त्या रात्री छान झोप लागली.

पण सुख काही टिकलं नाही. रेमीनं बिअरच्या डब्याचा पत्रा कापून खटक्याभोवती गुंडाळला आणि तो हँडलात ठोकून बसवला. गुरुवारी तो ओडिलच्या खिडकीखालून घंटी वाजवत गेला, आणि हँडलवरचा हात न काढता त्यानं सफाईनं गिअर बदलला. वर मान करून हसलाही. ते हसू साधं होतं, शेजाऱ्याला बघून माणूस हसतो तसं. ओडिलच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. येत्या रविवारी जत्रेच्या फेरीत पवनचक्कीच्या चढावर, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत हा असाच गिअर बदलणार, आणि हिरवी सायकल त्याच्या घरी जाणार.

शुक्रवारी इर्मानं वॅफलचं लोखंडी भांडं नोएलाकडे पोचवायला सांगितलं. एरवी दहा कारणं सांगणारा ओडिल ताबडतोब उठला. खिशात योगायोगानं ॲलन की होती, सायकलचे स्क्रू फिरवायची ती वाकडी किल्ली. तो योगायोग सकाळपासून खिशातच होता.

नोएला आणि रेमी वडिलांना न्हाव्याकडे घेऊन गेले होते. गॅरेजला कुलूप नव्हतं. हाझेलगेमसारख्या गावात गॅरेजला कुलूप लावलं तर लोक विचारतात, काय लपवलंय म्हणून. ओडिलनं भांडं खाली ठेवलं, उजव्या खटक्याची दांडी सोडवली, आतल्या स्क्रूत किल्ली घातली आणि डावीकडे फिरवली. जगात कुठलाही स्क्रू डावीकडे फिरवला की सैल होतो. हा जरा कुरकुरला, जड गेला. "गंज," ओडिल स्वतःशीच म्हणाला आणि दात-ओठ खाऊन आणखी जोर लावला. पुन्हा एकदा. आता चढावर नुसतं बोट लावलं की खटका रेमीच्या हातात येईल, तो लाजेनं लाल होईल, आणि सासरे म्हणतील, त्यापेक्षा आमचा ओडिल बरा.

हलवून बघणार तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. त्यानं घाईघाईनं दांडी पुन्हा बसवली आणि भांडं उचलून दारात उभा राहिला.

"अगंबाई, स्वतः आणलंत?" नोएला म्हणाली. "किती करता हो तुम्ही आमच्यासाठी!"

रविवारी चर्चपुढच्या चौकात निम्मं गाव जमलं होतं. लोकरीच्या जर्सी, चामड्याच्या टोप्या, तेलाचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. ओडिल आपली सायकल पुसून तयार होता; शुक्रवारची ॲलन की अजून खिशातच होती. एवढ्यात रेमी लंगडत आला. त्याचा गुडघा पावासारखा फुगला होता.

"काल सरावाला गेलो होतो," तो म्हणाला. "चढावर उभा राहिलो की गुडघा नेमका खटक्यावरच आपटतो. माझे पाय लांब ना! आज काही जमत नाही. पण बाबांना तो खटका चढावर चाललेला बघायचाय. ओडिलभाऊ, माझी सायकल तुम्ही घ्या."

ओडिलचा चेहरा पांढरा पडला. "छे छे. माझी आहे की."

"तुमच्याइतका हक्क कुणाचा आहे? इतकी वर्षं शोधलेत तुम्ही. मला फुकट मिळाले. मलाच लाज वाटते हो."

"नको म्हणतो ना!"

इर्मानं त्याला कोपरानं ढोसलं. "झोपेत बडबडायचास त्या खटक्यांची नावं घेऊन, आता नवरीसारखा लाजतोस कशाला? बस!"

"सीट खाली करा त्याच्यासाठी," सिरील गाडीच्या खिडकीतून ओरडले. विषय संपला.

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? ओडिल बसला. खटक्याला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. इथंच चौकात तो हातात आला तर? त्यानं हँडल मधोमध धरलं, टोकापासून जमेल तितकं दूर, आणि निघाला.

पहिल्या वळणावरच त्याच्या लक्षात आलं की रेमीनं सायकल सगळ्यात जड गिअरवर सोडलीय. बाकीचे टुरूटुरू पायडल मारत पुढे जात होते. ओडिल एकेक पायडल विहिरीतून पाणी ओढल्यासारखं मारत होता. शेजारून गाडी चालली होती. गाडी रेमी चालवत होता, आणि त्याच्या शेजारी, खिडकी खाली करून, सासरे. दोघं मजेत गप्पा मारत होते. मधूनच हसत होते. गुडघा मोडून बसलेला माणूसही आपल्यापेक्षा सासऱ्यांच्या जवळ बसलाय, हे बघून ओडिलला पायांपेक्षा पोटातच जास्त दुखायला लागलं.

"गिअर बदल की!" सासरे ओरडले.

"असाच... आवडतो... मला!"

"काय म्हणतो?"

"असाच आवडतो म्हणतात," रेमी कौतुकानं म्हणाला. "ताकद बघा बाबा."

पवनचक्कीचा चढ आला. दगडगोट्यांचा, बैलालाही विचार करायला लावणारा. डोळ्यांपुढे तारे चमकले. ओडिलला दिसत होतं: खटका निखळणार, तारेला लोंबकळत चाकाच्या काड्यांत जाणार, आणि आपण वर वाजवत असलेल्या ब्रास बँडच्या समोर उताणे पडणार. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात सायकलसकट.

"बदल रे गाढवा!" सासऱ्यांचा आवाज चिरकला. "खटका कशाला दिलाय हाताशी?"

चाक थांबायला आलं. आता पडायचंच, तर निखळलेल्या खटक्यानं काय, जड गिअरनं काय. ओडिलनं डोळे मिटले, हात हँडलच्या टोकाला नेला आणि खटका ओढला.

काही निखळलं नाही. मागे चेननं एक हलकासा सुस्कारा सोडला, ती दुसऱ्या दातेरी चक्रावर चढली, आणि पाय एकदम हलके झाले. ओडिलनं डोळे उघडले. आणखी थोडं ओढलं. आणखी हलकं. हात हँडलवरच. दगडगोटे खडखडत होते, सायकल उड्या मारत होती, पण हात हँडलवरच होता आणि सायकल ऐकत होती. तेवढी दोनशे पावलं ओडिलला रेमीचा हेवा वाटला नाही, आकडा आठवला नाही, काहीच आठवलं नाही. तो नुसता लहान मुलासारखा हसत चढून गेला.

वर पवनचक्कीपाशी टेबलं मांडली होती. सासरे काठी टेकत आले, ओडिलकडे न बघता थेट उजवा खटका धरला आणि पिळून पाहिला. खटका तसूभर हलला नाही.

"रेमी, हा कोणी आवळला?"

"मी नाही बाबा. मी आवळायचो तेवढा सैल व्हायचा."

"होणारच. उलटे आटे असतात याला. उजवीकडे फिरवलं की सुटतो, डावीकडे फिरवलं की आवळतो. हे ठाऊक असलेले आता गावात उरलेत तरी किती? कुणी आवळला सांगा. मला त्याच माणसाशी काम आहे."

ओडिलच्या डोक्यात आधी अंधार पडला आणि मग लख्ख उजेड. शुक्रवारी आपण... डावीकडे... दात-ओठ खाऊन. आणि सासऱ्यांना त्याच माणसाशी काम आहे! भिंतीतला आकडा त्याच्या डोळ्यांपुढे चमकला.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही?" नोएला म्हणाली. "कधी?"

"शुक्रवारी. वॅफलचं भांडं द्यायला आलो तेव्हा. म्हटलं, रेमीचा खटका सैल आहे, उगीच चढावर दगा द्यायला नको."

"आणि बोलला नाहीत कुणाला?"

"त्यात काय बोलायचं? घरचंच काम."

इर्मानं हातातला कप खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं साधा बल्ब बदलला तरी त्याची गोष्ट आठवडाभर ऐकलेली बाई ती.  ती नुसती बघत राहिली, आणि ओडिलनं नजर पवनचक्कीकडे वळवली.

रेमीचे डोळे भरून आले. त्यानं लंगडत येऊन ओडिलला मिठी मारली. "आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर जळता! नोएलाला मी तसं म्हणालोसुद्धा. माफ करा हो भाऊ."

"वेडा आहेस का? मी कशाला जळू?" ओडिल मिठीतून गुदमरत म्हणाला.

सासऱ्यांनी काठी आपटली. बँडवाले थांबले. "माझं ठरलं," ते म्हणाले. "हिरवी सायकल रेमीला."

"पण बाबा!" ओडिल मिठीतून सुटला. "आवळला मी!"

"म्हणूनच तर. तुला दिली असती तर रेमीनं तिच्यासाठी काय केलं असतं? काही नाही. त्याला डावं-उजवं कळत नाही. पण रेमीला दिली, तर तू आहेसच. न सांगता जाऊन दुसऱ्याची सायकल नीट करतोस. असा माणूस जवळ असताना मला सायकलची चिंता नाही. तो चालवील, तू सांभाळशील. दोघांनाही मिळाली." म्हाताऱ्यानं ओडिलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याबद्दल माझी समजूत चुकली होती पोरा. मला वाटायचं, तू आपमतलबी आहेस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओडिलच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्याला खोकला आला. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून तो हसला. गावानं त्याला इतकं मोठं मन असलेला माणूस म्हणून पहिल्यांदाच ओळखलं होतं, आणि आता ते परत करायची काही सोय नव्हती.

"मग भाऊ, येत्या शनिवारपासून याल ना?" रेमी म्हणाला. "ब्रेकही बघायचेत, चाकंही जरा डगमगतात. मी नुसता शेजारी बसून शिकेन."

 ओडिलच्या वतीनं इर्मानंच उत्तर दिलं.

"येईल की, दर शनिवारी येईल," ती म्हणाली आणि तिनं हलकेच नवऱ्याच्या खिशात हात घालून ॲलन की काढून घेतली. "मीही येत जाईन बरोबर. त्याचा हात कुठल्या बाजूला फिरतो, ते आता मला बघायचंय."