सबनीसकाकांची बॉर्डर

सबनीसकाका दिल्लीची हद्द गाडीत बसून ओलांडत नाहीत. आम्ही दोघं गाझियाबादेत एकाच इमारतीत राहतो, दिल्ली संपते तिथून हाकेच्या अंतरावर. रविवारी काकांना करोल बागेत हमखास काहीतरी काम निघतं आणि माझ्या गाडीत जागा असते. येताना हद्द जवळ आली की काका म्हणतात, "सुहास, बाजूला घे." मग ते उतरतात, मफलर सारखा करतात आणि पायी उत्तर प्रदेशात दाखल होतात. मी पुढे जाऊन थांबतो, तिथे ते पुन्हा गाडीत बसतात. तोवर मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

एकदा पोलिसाने हटकलं, "अंकल, कहाँ जा रहे हो?" काका शांतपणे म्हणाले, "उत्तर प्रदेश." पोलिसाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आपके साथ हैं?" मला हो म्हणावं लागलं.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायला निघालं, तेव्हापासूनचं हे खूळ. तिथे घोडं अडलं होतं आयर्लंडच्या बॉर्डरवर. बेटाचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा, बाकीचा वेगळा देश, तो युरोपातच राहणार. मधली हद्द उघडी, कुणी कुणाला अडवत नाही. आता तिथे पुन्हा नाके बसणार की काय, यावर बोलणी तुटायला आली होती. आमच्या सोसायटीत याची झोप उडालेला माणूस एकच. काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारात आयात-निर्यातीच्या फायली हलवण्यात गेली. काकूंच्या मते, न हलवण्यात. निवृत्त झाल्यावर हक्काची फाईल मिळाल्यासारखे ते रोज संध्याकाळी टीव्हीवर ब्रिटनची संसद लावून बसत.

"मुद्दा बॉर्डरचा आहे," हे त्यांचं पालुपद. दोन शेजारी पार्किंगवरून भांडले, मुद्दा बॉर्डरचा. गणपतीच्या मीटिंगमध्ये मोदक उकडीचे की तळणीचे यावर तास गेला, तेव्हा काका उठून म्हणाले, "तोडगा निघेपर्यंत दोन्ही करा. युरोपही ब्रिटनला हेच सांगतंय, तोडगा निघेपर्यंत दार बंद करू नका." युरोपचं कुणाला काही कळलं नाही, पण मोदक दोन्ही झाले.

एका रविवारी मी त्यांना बोलवायला वर गेलो. काकू व्हिडिओ कॉलवर होत्या. पलीकडे त्यांची मुलगी अश्विनी आणि चार वर्षांची नात मीरा. मीरा आपल्या मोडक्या मराठीत आजीला सांगत होती की रस्त्याची पिवळी रेघ पांढरी झाली की आईचं हॉस्पिटल येतं. काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, फोनमध्ये दिसणार नाहीत असे, मटार सोलत बसले होते. मीरा हसली की त्यांचे हात थांबत.

काका चपला घालायला गेले तेव्हा काकूंनी सांगितलं. अश्विनी आयर्लंडमध्ये राहते, नोकरी हद्दीपलीकडे उत्तरेत, रेघ पांढरी होते तिथे. तिकडच्याच मुलाशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा हे म्हणाले, आधी इथे ये, मग बोलू. ती म्हणाली, आधी हो म्हणा, मग येते. "लग्न झालं, मीरा झाली, तरी तिथेच अडलंय यार दोघांचं," काकू म्हणाल्या. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर काकूंच्या तोंडी दुःखातही यार येतो.

त्या दिवशी हद्दीवर काका पायी येऊन गाडीत बसले, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, हे कशासाठी. ते बाहेर बघत म्हणाले, "उतरायला लागलं तर किती त्रास होतो ते बघतो. कुणाकुणाला रोज दोनदा जावं लागतं." मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसावर हसत होतो.

मग एकदाचा तोडगा निघाला. तपासणी बंदरांवर होणार, आयर्लंडच्या रस्त्यांवर नाही. काकांनी सोसायटीभर बर्फी वाटली. लोकांनी विचारलं, नातू झाला का? काका म्हणाले, "समझौता हुआ है."

त्यानंतरच्या रविवारी हद्द आली तशी मी सवयीने गाडी हळू केली. काका म्हणाले, "चल, चल. आता कुणी उतरायचं नाही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तिकडे दुपार असेल. हॉस्पिटलातून निघाली असेल ती, रविवारी अर्धीच ड्युटी असते."

"फोन करा ना, काका."

त्यांनी खिशातून फोन काढला, नंबरही काढला, आणि मग माझ्यापुढे हात केला. "तुझा दे. माझा नंबर बघून तिला वाटेल, आईचं काही बरंवाईट झालं."

मी फोन दिला. बराच वेळ रिंग वाजली. मग अश्विनीचा आवाज आला, हॅलो, कोण? ब्रिटनच्या संसदेवर तासभर बोलणाऱ्या सबनीसकाकांनी मफलर सारखा केला. तिने पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरी पोचलीस का गं?"

तिने फोन ठेवलेला नव्हता, एवढंच कळत होतं. काकांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. मी गाडी बाजूला घेतली. मागच्याने हॉर्न वाजवला, वाजवू दिला.