मागच्या खोलीतला प्लॅस्टिकचा तुकडा

अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात आमच्या प्रयोगशाळेत माझा हात धरणारा कोणी नाही. घराघरांतला रेडॉन वायू मोजायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला प्लॅस्टिकचा तुकडा मी आमच्याच मागच्या खोलीत टांगला. तिथे आई आणि मोठी मावशी राहतात. जमिनीतून झिरपणारा वायू, त्याचे किरण, असलं सांगून त्यांना कशाला घाबरवायचं? मी एवढंच म्हणालो, "या खोलीत जे काही चालतं ना, ते सगळं यावर उमटतं. बॅटरी नको, वायर नको. नंतर आम्ही ते प्रयोगशाळेत बघतो."

त्या दिवसापासून खोली गप्प झाली.

एरवी या दोघी बहिणींची सकाळी पंख्याच्या वेगावरून जुंपते, ती दिवे मालवेपर्यंत. आता खाणाखुणा सुरू झाल्या. मावशी तर मधूनच तुकड्याकडे तोंड करून, बातम्या वाचल्यासारखी, आमची सून किती गुणी आहे ते सांगायची. मला काही उमगेना. बायकोला वाटलं, दोघींचं बिनसलंय. मला वाटलं, कानाचं दुखणं असणार. डॉक्टरांकडे नेलं, तर कान ठणठणीत!

दोन-अडीच महिन्यांनी मी तुकडा काढला, तशी मावशी माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आली. एका दुपारचं तेवढं पुसता येईल का, असं विचारत होती.

"छे! एकदा उमटलं की उमटलं," मी ऐटीत सांगितलं. "उलट गरम कॉस्टिक सोड्यात ठेवलं की आणखी ठळक होतं."

मावशी मटकन स्टुलावर बसली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय करणार?

सूक्ष्मदर्शकाखाली किरणांचे माग मोजून घरी आलो, तर मावशी बॅग भरत होती आणि आई सुनेला सांगत होती, की म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. बायको बावचळून माझ्याकडे बघत होती.

"या खोलीत जरा जास्तच निघालं," मी म्हणालो. "पण घाबरू नका. खिडक्या उघड्या ठेवत जा."

मावशीचा हात बॅगेच्या चेनवरच थांबला. "उघड्या? म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे म्हणतोस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग जमीन, वायू, किरण, सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मला ऐकवलं. ते संपल्यावर, कोणती खिडकी उघडायची यावरून एकमेकींकडे वळल्या.

बायकोने हळूच दार ओढून घेतलं.

"दुसरा तुकडा आहे का रे?" तिने विचारलं.