एका तारेत तीस माणसं

ताकोराडी बंदरातल्या आमच्या लाकूड कंपनीत डिजिटल लाइन आणली ती मी! मी म्हणजे एबो क्वान्साह, ऑफिस मॅनेजर. साल २००३. त्याआधी भिंतीतून आठ तारा यायच्या. त्यातल्या तीन दमेकरी, आणि एक पाऊस पडला की मौनव्रत धरणारी. नव्या लाइनीत तार एकच, पण तिच्यातून तीस जणांनी एकाच वेळी बोलावं, प्रत्येकाचं बोलणं आगगाडीतल्यासारखं आपापल्या डब्यात!

"आणि अराबा आँटी?" आमच्या मालकांनी, बेन्तसिल साहेबांनी विचारलं.

आँटी बावीस वर्षं आमच्या टेलिफोन बोर्डावर. डोक्याच्या रुमालावरच हेडफोन चढवायची.

"येणारे फोन आता यंत्र घेईल, साहेब. हव्या त्या माणसाचा नंबर दाबा, म्हणून सांगेल. महिनाअखेर आँटींना निरोप. मोठा केक!"

"केकवर काजू घाला," भिंतीपलीकडून आँटी म्हणाली. तिला सगळंच ऐकू यायचं.

नव्या लाइनीच्या अर्जात दोन रकाने होते. बाहेर जाणाऱ्या फोनवर कोणता नंबर दिसावा? जुन्या तारांवर काहीच दिसत नसे. मी ऐटीत कंपनीचा मुख्य नंबर लिहिला. कुणी काहीच दाबलं नाही, तर फोन कुठे जावा? लिहिलं: मॅनेजर.

पहिल्या सकाळी सगळ्यांना जमवलं. "बघा!" म्हणत बायकोला फोन लावला आणि एका रिंगमध्ये कापला. "माझ्या बायकोच्या मोबाइलवर आत्ता कंपनीचा नंबर झळकला असेल!"

सगळे टक लावून फोनकडे बघत राहिले. मला वाटलं, विज्ञानापुढे नतमस्तक झाले. कसले! चाळीस डोकी एकच विचार करत होती. एक रिंग देऊन कापायचं, मग समोरच्यानं आपल्या पैशानं उलट फोन करायचा, याला आमच्याकडे 'फ्लॅश' म्हणतात. मोबाइल आल्यापासून अख्खा देश त्यावर चालला होता. ऑफिसातून मात्र सोय नव्हती, नंबरच दिसायचा नाही ना! ती सोय आज मी करून दिली होती, वर प्रात्यक्षिकासह.

साडेनऊला माझा फोन वाजला.

"मला कुणी फ्लॅश केलं?" एक बाई.

"बाई, ही लाकूड कंपनी आहे."

"ते कळतंय! माझा नवरा आहे तिथे. फ्लॅश त्यानंच केलं का?"

"तुमचा नवरा कोणता?"

"म्हणजे? तुमच्याकडे कितीजणी असं विचारतात?"

पुष्कळजणी! पाठोपाठ एक शिंपी, एक पास्टर, आणि तीन मुलगे आमच्याकडेच कामाला असलेली एक आई. "तिघांतला कोण, तेवढं सांग ना, बाळा." कोणता नंबर दाबायचा ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे माझ्याच टेबलावर रांगेत! अकरापर्यंत तीसच्या तीस डबे खच्चून भरले.

साहेब धावत आले. "एबो! हॅम्बुर्गवाल्या गिऱ्हाइकाचा फोन यायचाय. उद्या जहाज सुटतंय. त्यानं हो म्हटलं नाही, तर ते सगळे ओंडके तुझ्या अंगणात रचू?"

"आपणच लावा ना त्यांना."

"लागतोय कुठे? तुझी तार तुंबलीये!"

मी आँटीकडे पळालो. ती निवांत केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, आणि तळलेला मासा खात होती.

"आँटी, वाचवा!"

"काजू घालणार ना?"

"आँटी!!"

तिनं बोटं पुसली, रुमालावर हेडफोन चढवला आणि माझ्या टेबलावरचे फोन बोर्डावर ओढून घेतले. "हॅलो? एस्तेर का? तुझा फीफी गोदामात आहे, खोकला थांबलाय. ठेव आता... पास्टर, तो योर्के. रविवारी गायला येतो म्हणतोय. ठेवा... तिघांतला कोण? धाकटा गं. भूक लागली की तोच."

नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायची! मध्येच मान वळवून ओरडली, "पुन्हा कुणी फ्लॅश केलं तर त्याच्या बायकोला सगळं सांगेन!" अख्ख्या ऑफिसचे हात फोनवरून झटकन खाली आले. वीस मिनिटांत तार मोकळी.

पावणेबाराला हॅम्बुर्ग! साहेबांनी दार लावलं. आम्ही सगळे बाहेर, दाराला कान लावून. दार उघडलं.

"झालं! आणि आँटी कुठेही जाणार नाहीत."

"मग यंत्र, साहेब?" मी चाचरत विचारलं.

"त्याला केक द्या."

लोक टाळ्या वाजवत असताना आँटीनं मला खूण केली. "एबो, एक शिल्लक आहे. दहापासून लावतेय बिचारी."

"कोण?"

"तुझी बायको. विचारतेय, भल्या सकाळी फ्लॅश केलंस, कोण गेलं? टॅक्सीत बसलीये, तुझ्या आईला घेऊन."

आता ती तार नाही, बोर्ड नाही. सगळं इंटरनेटवरून चालतं आणि फ्लॅश कुणी करत नाही. अपवाद एकच. आँटी जवळच्याच सेकोंदीला लेकीकडे असते. दर रविवारी चर्चनंतर माझा मोबाइल एकदाच वाजतो नि कापला जातो. मी निमूट उलट फोन लावतो.

"पैसे आहेत की तुमच्याकडे, आँटी!"

"आहेत. पण तार तू आणलीस ना?"

गेल्या रविवारी ठरवलं, आज आपण फ्लॅश करायचं. बोट कापायच्या बटणावर ठेवूनच फोन लावला. पहिली रिंगसुद्धा पुरी झाली नाही.

"बोल, एबो," पलीकडून आँटी म्हणाली.